पत्ता चेन्नई, मत डब्लिन

७ जून २०२४. रात्री उशिरा डब्लिनहून भाचीचा फोन आला. "मामा, आज मी मत दिलं!"

आवाज इतका फुललेला की मला वाटलं, हिनं तिकडचं नागरिकत्व घेतलं. तसं काही नव्हतं. पासपोर्ट भारताचा आणि त्यावरचा पत्ता चेन्नईतल्या अड्यारचाच. आयर्लंडमध्ये स्थानिक निवडणुकीत मत द्यायला नागरिकत्व लागत नाही. तिथं राहता आणि यादीत नाव घातलंय, एवढं पुरतं. पोरगी रात्रपाळी करून इस्पितळातून निघाली, वाटेत मतदान केंद्रावर थांबली, पेन्सिलनं उमेदवारांच्या नावांपुढे पसंतीचे आकडे घातले, कागद पेटीत टाकला आणि घरी जाऊन झोपली. सहा वर्षांतलं तिचं हे पहिलं मत.

तीनच दिवस आधी, ४ जूनला, आपल्या लोकसभेची मतमोजणी झाली होती. तिच्या दक्षिण चेन्नई मतदारसंघात १९ एप्रिलला मतदान झालं. तिचे आईवडील सकाळी सातलाच रांगेत उभे होते. त्या दिवशी तिनं शाई लागलेल्या दोन बोटांचा फोटो घरच्या ग्रुपवर पाहिला आणि खाली दोनच शब्द लिहिले, "आणि मी?"

या दोन शब्दांचं उत्तर गेली चौदा-पंधरा वर्षं दिल्लीत भिजत पडलंय.

याच चेन्नईत दुसरा एक देश आपल्या नागरिकांना कसं वागवतो, ते बघा. एप्रिल २०२२ मध्ये फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक होती. पुदुच्चेरी, तमिळनाडू आणि केरळ मिळून साडेचार हजारांवर फ्रेंच मतदार. त्यांतले कितीतरी जण तमिळच. पुदुच्चेरी भारतात आली तेव्हा ज्यांच्या घरच्यांनी फ्रेंच नागरिकत्व राखलं, त्यांची मुलं-नातवंडं. यांतल्या कुणाला पॅरिसचं तिकीट काढावं लागलं नाही. पुदुच्चेरीत केंद्रं होती, कारैकलला होतं, चेन्नईतही होतं. घरात इडली खाऊन निघालेली आजी तासाभरात फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्षासाठी मत देऊन परत येते. एवढंच नाही, फ्रान्सच्या संसदेच्या कनिष्ठ सभागृहात परदेशस्थ फ्रेंच नागरिकांसाठी ११ जागा राखून ठेवल्या आहेत.

ब्रिटनचं तर आणखी टोचणारं आहे. भारत राष्ट्रकुलात असल्यामुळे लंडनमध्ये रीतसर राहणारा भारतीय नागरिक तिथल्या पार्लमेंटच्या निवडणुकीत मत देऊ शकतो, तेही घरबसल्या टपालानं. म्हणजे पुण्याच्या कोथरूडचा मुलगा ४ जुलै २०२४ ला ब्रिटनचं सरकार बदलण्यात हातभार लावू शकला, पण त्याच उन्हाळ्यात कोथरूडसाठी त्याच्या हातात काही नव्हतं. ज्या देशाचा तो नागरिक नाही तो त्याला पाकीट पाठवतो. ज्याचा आहे तो म्हणतो, विमानानं ये.

कायदा आपल्याकडे आहे. २०१० मध्ये लोकप्रतिनिधित्व कायद्यात दुरुस्ती झाली आणि १० फेब्रुवारी २०११ पासून ती लागू झाली. त्याआधी नोकरी-शिक्षणासाठी परदेशी गेलेल्याचं नाव यादीत राहायला आधारच नव्हता, कारण 'सर्वसाधारण रहिवासी' ही अट. आता नमुना ६अ भरायचा, पासपोर्टची आणि व्हिसाची प्रत जोडायची, की पासपोर्टवरच्या पत्त्याच्या मतदारसंघात नाव लागतं. (ज्यांनी दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं त्यांना हा हक्क नाही आणि नसावाही. ओसीआय कार्ड म्हणजे नागरिकत्व नव्हे. मी बोलतोय ते खिशात भारताचा पासपोर्ट असलेल्यांबद्दल.) इथवर सगळं ठीक. पुढची अट अशी की मतदानाच्या दिवशी मूळ पासपोर्ट घेऊन स्वतः केंद्रावर हजर राहायचं. दुसरा मार्ग नाही. सरकारनं दार बांधलं, त्यावर माणसाच्या नावाची पाटीही लावली, पण ते दार समुद्राच्या अलीकडे ठेवलं.

माझ्या भाचीचाच हिशेब मांडतो. डब्लिनहून चेन्नईला थेट विमान नाही. यायला एक दिवस, जायला एक दिवस, मध्ये मतदानाचा शुक्रवार. पगाराचा तिसरा हिस्सा तिकिटात. परिचारिकेला एप्रिलमध्ये चार दिवस रजा द्यायची की नाही, हे तिच्या वॉर्डवर अवलंबून. आणि तारखा जाहीर होतात त्या महिनाभर आधी, म्हणजे तिकिटं सर्वांत महाग असतात तेव्हा.

आता २०२४ चे आकडे घ्या. देशभरात परदेशस्थ मतदार म्हणून नोंदलेले १,१९,३७४. प्रत्यक्ष येऊन मत दिलेले २,९५८. त्यांतले २,६७० एकट्या केरळचे. वजाबाकी करा. केरळ सोडून उरलेल्या अख्ख्या भारताचे किती? २८८. आपल्या महाराष्ट्राच्या विधानसभेत जितके आमदार बसतात, तितकेच. महाराष्ट्रात ५,०९७ जणांनी नाव नोंदवलं होतं, मत दिलं १७ जणांनी. सतरा! एका एसटीत बसवले तरी निम्मी गाडी रिकामी राहील. आणि परदेशात राहणारे भारतीय नागरिक आहेत सुमारे दीड कोटी.

हे आकडे आले की काही जण लगेच म्हणतात, बघा, यांनाच पर्वा नाही. हे ऐकलं की माझं डोकं तापतं. ज्या माणसानं परक्या गावात बसून फॉर्म भरला, कागदपत्रं जोडली, गावाकडे बीएलओ (मतदारयादीचा स्थानिक अधिकारी) पडताळणीला येणार म्हणून आईला फोन करून सांगून ठेवलं, त्याला पर्वा नाही? ५,०९७ जणांनी हात वर केला. आपण १७ जणांपर्यंत पोहोचलो. नापास कोण झालं?

केरळची माणसं येतात, कारण तिथं परदेशातला माणूस घराघरात आहे आणि संघटनाही तगड्या. २०२४ मध्ये आखातातल्या मल्याळी संघटनांनी मतदारांसाठी विमानं ठरवली. येणाऱ्यांच्या जिद्दीला माझा सलाम आहे. पण मतपत्रिका माणसापर्यंत जात नाही तेव्हा कुणीतरी माणसाला मतपेटीपर्यंत आणतं, आणि जो आणतो त्याचं ओझं मतदाराच्या मनावर राहतं. त्यापेक्षा पन्नास रुपयांचं पाकीट फार स्वच्छ.

पाकीट पाठवायची यंत्रणा नाही का? आहे, आणि ती चांगली चालते. सैन्यातले जवान आणि सरकारी कामावर परदेशी नेमलेले अधिकारी हे 'सेवा मतदार'. २०१६ मध्ये नियम बदलून त्यांच्यासाठी सोय केली. मतपत्रिका इंटरनेटवरून जाते, मतदार ती पिन टाकून उघडतो, छापतो, कागदावर खूण करतो, घोषणापत्र जोडून टपालानं परत धाडतो. मोजणीच्या वेळी पाकिटावरचा क्यूआर कोड तपासतात. मत इंटरनेटवरून येत नाही, कागदावरच येतं. २०१९ मध्ये सुमारे १८ लाख सेवा मतदार नोंदलेले होते आणि १० लाख ८४ हजारांवर मतपत्रिका भरून परत आल्या. साठ टक्के! त्या वर्षी चेन्नईच्या रांगांमध्ये उभे राहिलेल्यांपेक्षा हे प्रमाण काही कमी नव्हतं.

म्हणजे डब्लिनच्या भारतीय दूतावासातला अधिकारी तिथूनच मत देऊ शकतो. सोबत राहणारी त्याची पत्नीही देऊ शकते. त्याच दूतावासात पासपोर्टचं नूतनीकरण करायला गेलेली माझी भाची देऊ शकत नाही. खिडकीच्या आतला भारतीय आणि खिडकीच्या बाहेरचा भारतीय, एवढाच फरक.

आणि ही खिडकी उघडायची पहिली पाळी तमिळनाडूची होती, हे चेन्नईत किती जणांना आठवतं? २७ नोव्हेंबर २०२० ला निवडणूक आयोगानं कायदा मंत्रालयाला पत्र लिहिलं, की हीच सोय परदेशस्थ मतदारांना द्यायला आम्ही तांत्रिक आणि प्रशासकीय दृष्ट्या सज्ज आहोत. आसाम, पश्चिम बंगाल, केरळ, तमिळनाडू आणि पुदुच्चेरीच्या येत्या निवडणुकांत देता येईल. गरज होती ती नियमात बदल करायची. नवा कायदाही नको होता. ६ एप्रिल २०२१ ला तमिळनाडूत मतदान झालं. कोरोनाचे दिवस, विमानं धड चालत नव्हती. त्या वर्षी पाकिटाची सर्वांत जास्त गरज होती आणि त्या वर्षी एकही पाकीट गेलं नाही.

घोडं अडलं ते परराष्ट्र मंत्रालयाच्या शंकांवर. घोषणापत्रावर दूतावासातल्या अधिकाऱ्याची साक्षांकित सही हवी, तर हजारोंची गर्दी होईल, तेवढी माणसं नाहीत; आणि जिथं लोकशाहीच नाही अशा देशांत परवानगी मिळेल का? या शंका खोट्या नाहीत. दुबईच्या वाणिज्य दूतावासापुढची पासपोर्टची रांग ज्यांनी पाहिली आहे त्यांना त्या पटतील. पण मग सहीची अटच सैल करा! अमेरिकेचा नागरिक चेन्नईत राहत असला तर त्याला मतपत्रिका ईमेलनं येते. ती भरून धाडताना त्याला वकिलातीत रांग लावून सही घ्यावी लागत नाही. ओळखीची दुसरी पद्धत काढता येते. बँक आपल्याला घरबसल्या ओळखते, आयकर खातं ओळखतं, पासपोर्ट खात्याकडे तर बोटांचे ठसे आहेत. परदेशात बसून कर भरताना आपली ओळख सरकारला पटते.

तेव्हाच्या बातम्यांतली एक गोष्ट मला फार खटकली होती. टपाली मतपत्रिकेच्या पहिल्या फेरीत अमेरिका, कॅनडा, जपान, ऑस्ट्रेलिया, जर्मनी अशा देशांची नावं होती. आखात नव्हतं. म्हणजे लॅपटॉपवाल्याला आधी आणि हेल्मेटवाल्याला मागाहून. हे मला अजिबात मान्य नाही. रत्नागिरी-रायगडच्या किती घरांची चूल मस्कत, दोहा, कुवेतवर पेटते! तमिळनाडूत रामनाथपुरम, तंजावरकडे तेच. हा माणूस दोन-दोन वर्षं घरी येऊ शकत नाही. अनेकांचा पासपोर्ट मालकाच्या कपाटात असतो, आणि आपला नियम म्हणतो, मूळ पासपोर्ट घेऊन केंद्रावर या.

१२ जून २०२४ ला कुवेतच्या मंगफमध्ये मजुरांच्या इमारतीला आग लागली. चाळीसहून अधिक भारतीय गेले, त्यांत ७ जण तमिळनाडूचे. लोकसभेचा निकाल लागून आठच दिवस झाले होते. कोचीच्या विमानतळावर शवपेट्या उतरल्या तेव्हा मंत्री हात जोडून उभे होते. त्या सात जणांच्या खोलीत किती खाटा असाव्यात, दाराला कुलूप असावं का, एजंटानं किती पैसे उकळावेत, हे सगळं सरकारांच्या आपसातल्या करारांत ठरतं. करार कोण करतं? खासदार ज्यांना निवडतात ते. आणि खासदाराला त्या खोलीकडे बघायचं कारण काय? त्या खोलीत एकही मत नाही.

मजुराच्या मतावर मालकाचा दबाव येईल, मुकादम सगळ्यांची पाकिटं एकगठ्ठा भरून घेईल, ही भीती खरी आहे. मी ती झटकत नाही. पण दबाव शहरातल्या गल्लीतही येतो आणि मराठवाड्यातल्या वस्तीवरही येतो. त्यासाठी आपण तिथली केंद्रं बंद केली नाहीत, पोलीस उभे केले. मस्कतमध्ये पोलीस उभे करता येणार नाहीत, म्हणून तिथं भारतीय शाळेच्या आवारात किंवा दूतावासात प्रत्यक्ष केंद्र उघडायची परवानगी मागावी. जिथं मिळेल तिथं पेटी, जिथं मिळणार नाही तिथं पाकीट. पण परवानगी मागायला तरी जा.

एका मार्गाला मात्र माझा ठाम विरोध आहे. ९ ऑगस्ट २०१८ ला लोकसभेनं एक विधेयक मंजूर केलं होतं, परदेशातल्या मतदाराच्या वतीनं इथल्या माणसानं मत द्यायचं. राज्यसभेत ते अडकलं आणि २०१९ मध्ये लोकसभा विसर्जित झाली तसं बारगळलं. बरं झालं. आघाडीवरच्या जवानांना ही मुभा आहे, त्यांची अडचण वेगळी. पण आपल्या घरांचं काय? सुनेचं मत सासरे देणार, मुलीचं भाऊ देणार. भाचीच्या जागी मी गेलो आणि यंत्रापुढे उभा राहिलो, तर माझं बोट माझ्या आवडीच्या चिन्हाकडे वळणार नाही, याची हमी मीसुद्धा देऊ शकत नाही. गुप्त मतदानातला 'गुप्त' मतदाराच्या मामालाही लागू आहे.

चेन्नईच्याच आयआयटी मद्रासनं आयोगाबरोबर ब्लॉकचेनवर दूरस्थ मतदान करता येईल का, यावर काम सुरू केलं होतं. ऑगस्ट २०२० मध्ये त्यावर तमिळनाडू सरकारच्या ई-शासन संस्थेसह मोठं चर्चासत्रही झालं. पुढच्या वर्षी मुख्य निवडणूक आयुक्तांनी २०२४ पर्यंत काहीतरी हाती येईल अशी आशा बोलून दाखवली. २०२४ येऊन गेलं. संशोधन जरूर चालू द्या. पण संगणकावरच्या मताची फेरमोजणी सामान्य माणसाला डोळ्यांनी दिसत नाही, कागदाची दिसते. ब्लॉकचेनची वाट बघत पाकीट अडवून ठेवायचं कारण नाही.

मतपेटीपासून तुटलेला माणूस बघायला परदेशात जायला नको. जॉर्ज टाउनच्या सौकारपेठेत संध्याकाळी फेरी मारा, गलाईच्या दुकानांतून सांगलीकडची मराठी ऐकू येते. विटा, खानापूर, आटपाडीच्या दुष्काळानं बाहेर काढलेली ही माणसं, पिढ्यान् पिढ्या सोनं-चांदी गाळणारी. मुलं तमिळ माध्यमात शिकलेली, जेवणात सांबार आणि भाकरी दोन्ही. मत मात्र कुणाचं गावाकडे, कुणाचं कुठंच नाही. कायदा त्यांना सरळ सांगतो, जिथं राहता तिथं नाव घाला. ज्यांची घरं इथं झाली त्यांनी ते केलंही. पण गड्याची, शिकाऊ पोराची खोली वर्षाला बदलते. भाडेकरार नाही, वीजबिल नाही. मतदान आलं की सोलापूरपर्यंत रेल्वे, पुढे एसटी, दोन दिवसांची मजुरी बुडीत. त्यांच्यासाठी आयोगानं जानेवारी २०२३ मध्ये राजकीय पक्षांपुढे एक यंत्र ठेवलं होतं, एकाच जागेवरून ७२ मतदारसंघांचं मतदान घेणारं. पक्षांनी शंका काढल्या आणि यंत्र परत गेलं. काश्मिरी विस्थापितांना जम्मू, उधमपूर आणि दिल्लीतून आपल्या गावासाठी मत देता येतं. ८५ वर्षांवरच्या आजोबांच्या घरी अधिकारी मतपत्रिका घेऊन जातात. मनात आणलं की मत माणसाकडे चालत जातं, हे आपण करून दाखवलंय.

परदेशी मतांविरुद्ध एक वाक्य हमखास ऐकू येतं, देश सोडून गेले, त्यांना मत कशाला? त्याला उत्तर म्हणून लोक पैशाचा आकडा फेकतात. २०२३-२४ मध्ये परदेशातून ११८ अब्ज डॉलरहून अधिक आले आणि त्यांत सर्वांत मोठा वाटा महाराष्ट्राचा, पाचव्या हिश्शाहून जास्त. मला हे उत्तर नको. मत डॉलरनं मिळत नाही. जो विद्यार्थी उलट घरूनच पैसे मागवतो, त्याचंही मत तेवढंच मोठं. आणि गेले म्हणजे काय? नागरिकत्व सोडलं नाही, तोवर ते गेलेले नाहीत. भाचीला अड्यारच्या पुलाखालच्या पाण्याची काळजी आहे, आईवडील दर पावसाळ्यात तिथंच असतात. डिसेंबर २०१५ च्या पुरात तळमजल्यावरचं कपाट वाहून गेलं ते तिच्याच पुस्तकांचं होतं.

ओळखीतल्या एक शिक्षिका १९ एप्रिलला दक्षिण चेन्नईतल्या एका केंद्रावर पहिल्या मतदान अधिकारी होत्या. त्यांच्यापुढे यादी असते. मतदार आला की नाव शोधायचं, मोठ्यानं वाचायचं आणि त्याखाली लाल रेघ ओढायची. परदेशस्थ मतदारांची नावं यादीच्या अगदी शेवटी असतात. त्यांच्या भागात अशी चार नावं होती. त्यांना तमिळमध्ये विचारलं, "आलं कुणी?" त्या म्हणाल्या, "दुपारी एक म्हातारे गृहस्थ आले होते. स्वतःचं मत देऊन झालं, शाई लावून झाली. मग म्हणाले, शेवटचं पान जरा दाखवता का, माझ्या मुलाचं नाव आहे म्हणे. नियमात बसत नाही, पण मी पान उलटून दाखवलं. नावावर बोट ठेवून बघितलं आणि गेले."

संध्याकाळी सहाला केंद्र बंद झालं. यादी लाखबंद पाकिटात गेली. शेवटच्या पानावर एकही लाल रेघ नव्हती.